मातीचा पक्षी आणि रानातला पक्षी : छर्ऱ्याच्या बंदुकीच्या निवडीचा इतिहास

छर्ऱ्याची बंदूक घेऊ इच्छिणाऱ्या गिऱ्हाइकास इंग्लंडातील कोणताही जाणता दुकानदार आरंभी एकच प्रश्न विचारतो : ती मातीच्या तबकड्यांवर चालवावयाची की रानातील पक्ष्यांवर? या प्रश्नाच्या उत्तरावरून बंदुकीचे वजन, नळ्यांची लांबी, दस्त्याचा उतार आणि नळीच्या तोंडाचा आवळ या साऱ्या गोष्टी ठरतात. हा भेद तबकडीच्या शोधाबरोबर, म्हणजे १८८० नंतर, उत्पन्न झाला असा सामान्यतः समज आहे. लक्ष्य पक्ष्याचे होते तोवर बंदूक एक होती, ते मातीचे झाले तेव्हा बंदुका दोन झाल्या, असा या समजाचा सारांश होय. तो वरवर पटण्यासारखा असला तरी इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. बंदुकीच्या दोन जाती पडल्या त्या लक्ष्य जिवंत असतानाच. आणि त्या पडण्याचे कारण लक्ष्याचे द्रव्य नसून ते कोठून व केव्हा उडणार हे आगाऊ ठरू लागले, हे होते. निवडीचा प्रश्न आजही याच मुद्द्याभोवती फिरतो. मात्र या विद्येच्या परिभाषेने तो झाकून टाकला आहे.

परिभाषेचा उल्लेख करण्यास कारण आहे. या शस्त्राच्या शब्दसंग्रहात जुने अर्थ विलक्षण चिवटपणे टिकून राहतात. ‘बंदूक’ हा शब्द आपल्याकडे फारसीच्या द्वारे आला. त्याच्या मुळाशी असलेला अरबी ‘बुन्दुक’ हा शब्द एका कवचीच्या फळाचा वाचक आहे. त्या फळाएवढ्या गोळीला तो लागला आणि पुढे गोळी फेकणाऱ्या यंत्रालाही लागला. ‘काडतूस’ पोर्तुगिजांकडून आले. नळीच्या मापाची इंग्रजी रीत तर याहून मौजेची आहे. एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले असता त्यांतील एक गोळा ज्या नळीत नेमका बसतो ती ‘बारा बोअर’ची नळी. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो, आणि वीस बोअरचा १५.६. आकडा वाढला की नळी अरुंद होते, हे नवख्याला चमत्कारिक वाटते; कारण ज्या गोळ्यांवरून ही मोजणी निघाली ते गोळे या नळ्यांतून उडणे केव्हाच मागे पडले आणि मोजणी तेवढी उरली. असेच काही लक्ष्याच्या नावाबाबतही घडले आहे, ते पुढे येईलच.

प्रथम शिकारीच्या बंदुकीचा विचार करू. ठासणीची बंदूक भरण्यास वेळ लागे. दारू ओतावी, बोळा ठासावा, छर्रे घालावेत, पुन्हा बोळा ठासावा, असा तो सारा खटाटोप. बेलहेल्वी येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ याने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या द्रव्याच्या उपयोगाचे एकस्व मिळविले. त्यातून पुढे टोपीची बंदूक निघाली आणि चकमकीचा अनिश्चितपणा गेला. परंतु भरण्याचा वेळ वाचला नाही. तो वाचला मागून उघडणाऱ्या बंदुकीमुळे. फ्रान्समध्ये लफोशे याने १८३० नंतरच्या दशकात अशी बंदूक सिद्ध केली होती. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात ती इंग्रज कारागिरांच्या दृष्टीस पडली आणि पुढल्या वीसएक वर्षांत ठासणीची बंदूक श्रीमंतांच्या हातून जवळजवळ नाहीशी झाली.

याचा परिणाम केवळ यांत्रिक नव्हता. पूर्वी शिकारी कुत्रा घेऊन रानातून चाले आणि पक्षी पायांपुढून उठला म्हणजे त्याच्या पाठीमागे बार टाकी. आता शिकारी एका जागी उभा राहू लागला आणि हाकेकरी पक्षी हाकून त्याच्या डोक्यावरून नेऊ लागले. हाक्याची शिकार इंग्लंडात या बंदुकीपूर्वी अगदी अज्ञात होती असे नाही. परंतु तिला जो अतिरेकी बहर आला तो या बंदुकीमुळेच होय. लॉर्ड वॉल्सिंगहॅम याने ३० ऑगस्ट १८८८ रोजी यॉर्कशरमधील ब्लबरहाउसेसच्या माळावर एकट्याने १,०७० ग्राउज पाडले. (हा गृहस्थ सूक्ष्म पतंगांचा नामांकित अभ्यासक होता, हेही जाता जाता सांगण्यासारखे आहे.) हॉल बार्न येथे १८ डिसेंबर १९१३ रोजी राजा पंचम जॉर्ज याच्या उपस्थितीत एका दिवसात ३,९३७ फेझंट पडले. अशा शिकारीत एकेकाजवळ सारख्या घडणीच्या दोन बंदुका असत. एक चालविली जात असता दुसरी सेवक भरून तयार ठेवी.

या परिस्थितीने जी बंदूक घडविली ती आजही ‘गेम गन’ या नावाने ओळखली जाते. वजन साधारण साडेसहा पौंड, म्हणजे तीन किलोग्रॅमच्या किंचित आत, दोन नळ्या शेजारी शेजारी, चाप दोन, नळ्या सुमारे २८ इंच. ती हलकी असते, कारण दिवसभर वागवावयाची असते आणि अचानक वर उचलावयाची असते. चाप दोन असण्यालाही अर्थ आहे. एका नळीचे तोंड मोकळे व दुसरीचे आवळलेले असल्यामुळे, पक्षी दूर जात असेल तर आधी मोकळी आणि जवळ येत असेल तर आधी आवळलेली नळी उडविण्याचा निर्णय बोटाला क्षणार्धात घेता येतो. १८७५ चे अ‍ॅन्सन व डीली यांचे अंतर्गत घोड्यांचे यंत्र आणि १८८० चे बीस्ली याचे, पर्डी यांच्या बंदुकांत वापरले गेलेले, स्वतः उघडणारे यंत्र यांनी ही घडण जवळपास पूर्णत्वास नेली. तीत पुढे झालेले फेरफार किरकोळ आहेत. बंदूक मोडून, म्हणजे उघडून, हातावर ठेवली की ती रिकामी आहे हे सोबत्यांना दुरूनच दिसते. शिकारी मंडळींत दुनळीला मान राहिला आणि एकनळी फैरी झाडणाऱ्या बंदुका बाहेर राहिल्या, याचे हेही एक कारण आहे.

याच काळात, आणि पुष्कळदा याच लोकांच्या हातांत, दुसरी एक बंदूक वाढत होती. कबुतरे पेटीत कोंडून, दोरी ओढून ती सोडावयाची व उडताच मारावयाची, हा खेळ इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आला होता. १८६९ साली लंडनजवळ हर्लिंगहॅम क्लब स्थापन झाला तो याच खेळासाठी. तेथील व्यवस्था लक्षात घेण्यासारखी आहे. पाच पेट्या, एकीपासून दुसरी पाच यार्डांवर. कोणती पेटी उघडेल हे अज्ञात, परंतु पाचांपैकीच एक उघडणार हे निश्चित. नेमबाज ठरावीक अंतरावर उभा असे आणि कुशल असेल त्याला अधिक मागे उभे करीत. ‘पुल’ अशी आज्ञा तो स्वतः देई, म्हणून क्षणही त्याला ठाऊक असे. छर्ऱ्यांचा भार सव्वा औंसापर्यंत मर्यादित होता. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की कबूतर आखलेल्या सीमेच्या आत पडले पाहिजे. सीमेबाहेर जाऊन मेले तर ते गमावलेले धरीत.

या एका नियमातून सारी बंदूक निघते. रानात जखमी पक्षी शे-दीडशे यार्डांवर पडला तरी कुत्रा तो शोधून आणतो. येथे पक्षी तत्क्षणी, जागच्या जागी पडावयास हवा. म्हणून छर्रे दाट हवेत. म्हणून भार मोठा. मोठ्या भाराचा धक्का सोसावा म्हणून बंदूक जड. आणि बंदूक वागवावयाची नसून पैज लागलेल्या काही बारांपुरती उचलावयाची असल्यामुळे तिचे जडपण कोणास खुपतही नाही. सात ते आठ पौंडांची, दोन्ही नळ्या आवळलेली, उलट धक्का सहज पचविणारी ही ‘पिजन गन’ गेम गनहून सर्वस्वी निराळी झाली, आणि त्या वेळी जगात मातीची तबकडी अस्तित्वातच नव्हती.

नळीचे तोंड आवळण्याची युक्ती, म्हणजे ‘चोक’, हीही याच काळातली. न्यूकॅसलच्या पेप याने १८६६ साली एकस्वात तिचा उल्लेख केला. अमेरिकेत रोपर याचे एकस्व १८६८ चे. फ्रेड किंबल याचाही हक्क तेथे सांगितला जातो. अग्रपूजेचा हा वाद येथे सोडविण्याचे प्रयोजन नाही. १८७४ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याने ती युक्ती भरवशाची केली, आणि १८७५ साली ‘द फील्ड’ या साप्ताहिकाचा संपादक वॉल्श याने घेतलेल्या जाहीर चाचण्यांत तिचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले, एवढे निर्विवाद आहे. ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात शेकडा किती छर्रे पडतात, या मोजणीने चोकची प्रत ठरते : मोकळ्या नळीतून सुमारे ४०, किंचित आवळलेल्या नळीतून ५०, अर्ध्या चोकमधून ६० आणि पूर्ण चोकमधून ७०. कबुतरांच्या नेमबाजांनी तिचे स्वागत केले. हाक्याच्या शिकाऱ्यांना मात्र ती बेतानेच रुचली. पंचवीस यार्डांवरील फेझंट पूर्ण चोकने मारला तर तो एक तर साफ हुकतो, नाही तर खाण्याजोगा राहत नाही. एकाच शोधाला दोन समाजांनी दिलेले हे दोन प्रतिसाद बंदुकीचे विभाजन किती पुढे गेले होते हे दर्शवितात.

मग पक्ष्याची जागा निर्जीव वस्तूंनी घेतली. अमेरिकेत काचेचे गोळे उडविण्याची टूम निघाली. कॅप्टन बोगार्डस याने १८७७ साली गोळे फेकण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. काही गोळ्यांत पिसे भरलेली असत, म्हणजे गोळा फुटताच पक्षी पडल्याचा आभास व्हावा! १८८० साली सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की याने मातीची चपटी तबकडी पुढे आणली. भाजलेली माती फार कठीण होई, छर्रे लागूनही फुटत नसे. म्हणून लवकरच डांबरासारखा पदार्थ व चुनखडी यांच्या मिश्रणाची तबकडी आली, आणि ‘क्ले’ हा शब्द द्रव्य बदलल्यावरही कायम राहिला. आजच्या आंतरराष्ट्रीय तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर व वजन सुमारे १०५ ग्रॅम असते. तीत मातीचा अंश नाही आणि कबुतराचा तर नाहीच. तरीही ती ‘क्ले पिजन’.

नाव केवळ तबकडीलाच चिकटले असे नव्हे. इंग्लंडात १८९३ साली जी संस्था निघाली तिचे नाव ‘इनॅनिमेट बर्ड शूटिंग असोसिएशन’, म्हणजे निर्जीव पक्ष्यांवरील नेमबाजीचा संघ, असे होते. या वदतोव्याघाताचे तत्कालीनांना काही वाटलेले दिसत नाही. फेकयंत्राला ‘ट्रॅप’ म्हणतात, वास्तविक तेथे काहीच पकडलेले नसते. दोरी नाहीशी झाली तरी आज्ञा ‘पुल’ हीच राहिली. फुटलेली तबकडी उडाली तर पंच ‘नो बर्ड’ असे पुकारतो. हर्लिंगहॅम येथील कबुतरांची नेमबाजी १९०५ साली थांबली आणि १९२१ साली ब्रिटनमध्ये बंदिस्त पक्ष्यांवर नेम धरण्यास कायद्याने मनाई झाली. पक्षी शब्दांत तेवढा उरला. शब्द असे मागे राहिल्याने एक भ्रम निर्माण झाला : तबकडीवर सराव करणारा मनुष्य पक्ष्याचाच सराव करीत आहे, हा तो भ्रम.

वस्तुतः दोहोंची गती परस्परविरुद्ध आहे. तबकडी यंत्रातून सुटते त्या क्षणी तिचा वेग सर्वाधिक असतो आणि तेथून तो सतत घटत जातो. पायांपुढून उठणारा पक्षी शून्यातून वेग घेत जातो; हाक्याचा पक्षी येतो तो पूर्ण वेगाने व पंखांनी तो वेग राखीत, प्रसंगी दिशा बदलीत. नेमबाजाला लक्ष्याच्या पुढे किती बार टाकावयाचा याचा हिशेब करावा लागतो. ३५ मीटर अंतर कापण्यास छर्ऱ्यांना सुमारे एक-अष्टमांश सेकंद लागतो. तेवढ्यात ताशी ६५ किलोमीटर वेगाचा आडवा पक्षी दोन मीटरांहून थोडा पुढे सरकतो. तबकडीच्या बाबतीत हे अंतर तिच्या उड्डाणाच्या ज्या टप्प्यावर बार टाकाल त्यानुसार बदलते. ट्रॅपच्या खेळात तर ती नेमबाजापासून दूर व वर जात असते, म्हणून तिच्या किंचित वर बार टाकणे भाग पडते.

आणि येथे दस्त्याचा प्रश्न उपस्थित होतो. तो या साऱ्या प्रकरणात सर्वांत कमी चर्चिला जाणारा, परंतु वस्तुतः सर्वांत महत्त्वाचा आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीला मागची माशी नसते. नेमबाजाचा डोळा हीच मागची माशी. गाल दस्त्यावर कोठे टेकतो यावर डोळ्याची उंची अवलंबून, आणि डोळ्याच्या उंचीवर बार कोठे जातो ते अवलंबून. ट्रॅपच्या बंदुकीचा दस्ता उंच व सरळ ठेवतात, त्यामुळे डोळा वर येतो आणि बार आपोआप वर पडतो. नेमबाजाने तबकडी नळीच्या तोंडावर जणू ठेवावी, उरलेले बंदूक करते. हीच बंदूक घेऊन कोणी रानात गेला आणि समोरून कड्याखाली झेपावणारा तितर आडवा आला, तर तोच गुण दोष ठरतो. गेम गनच्या दस्त्याला उतार अधिक असतो. तो शरीराच्या मापानुसार करून घेण्याची इंग्रज कारागिरांची प्रथा आहे, आणि त्यासाठी दस्त्याचे भाग हलविता येतील अशी खास बंदूक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात आली. यंत्र, कोरीवकाम, कारखान्याचे नाव यांवर पैसा खर्चून दस्ता मात्र बाजारी मापाचा घेणारा मनुष्य महागडा जोडा दुसऱ्याच्या पायाच्या मापाने घेतो असेच म्हणावे लागेल.

ट्रॅप रानापासून दूर गेला हे शिकाऱ्यांच्या ध्यानात आले नाही असे नाही. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे चार्ल्स डेव्हिस आणि त्याचे सोबती यांनी १९२० च्या सुमारास वर्तुळावर फिरत निरनिराळ्या कोनांतून तबकड्या मारण्याचा खेळ बसविला, तो रानपक्ष्यांच्या सरावासाठीच. शेजारी कोंबड्यांचा फार्म निघाल्यामुळे वर्तुळाचे अर्धवर्तुळ करावे लागले, असे सांगतात. विल्यम फॉस्टर याने १९२६ साली नियतकालिकातून नावासाठी स्पर्धा जाहीर केली आणि माँटानामधील गर्ट्रूड हर्लबट या बाईंनी सुचविलेले ‘स्कीट’ हे नाव स्वीकारण्यात आले. ते स्कँडिनेव्हियन भाषेतील असल्याचे सांगण्यात आले. प्राचीन नॉर्स ‘श्क्योता’ आणि इंग्रजी ‘शूट’ ही सगोत्र क्रियापदे असल्याने नात्याबद्दल शंका नको. मात्र शिकारीच्या सरावासाठी निघालेल्या खेळाला शिकारीच्या शब्दांबाहेरचे नाव मिळाले, ही गोष्ट सूचक आहे. स्कीटमधील तबकड्या वीसेक यार्डांवर आडव्या जातात, त्यामुळे मोकळ्या नळ्या लागतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दस्ता कमरेपाशी ठेवून उभे राहावयाचे असते आणि आज्ञेनंतर तबकडी तीन सेकंदांपर्यंत केव्हाही सुटू शकते. अनिश्चितता जपण्याचा हा प्रयत्न होय. अमेरिकन प्रकारात बंदूक आधीच खांद्याला लावून ठेवण्याची मुभा आली; तेव्हा जड, लांब आणि संथ फिरणारी बंदूक तेथेही सोयीची ठरली. पुढे इंग्लंडातील ‘स्पोर्टिंग’ या प्रकाराने उंच मनोऱ्यांवरून फेझंटसारख्या व जमिनीलगत सशासारख्या तबकड्या सोडून रान पुन्हा आणले. पण बंदूक आधी लावण्याची सवलत तेथेही राहिली आणि परिणाम तोच झाला. खेळ रानातून निघतो, नियमांनी निश्चित होतो, आणि त्याची बंदूक वजनदार होत जाते.

एकीवर एक नळी असलेल्या उभ्या दुनळीचा प्रसार याच प्रवाहातला आहे. इंग्लंडात बॉस यांनी १९०९ साली व वुडवर्ड यांनी १९१३ साली अशा उत्कृष्ट बंदुका केल्या; त्या अतिशय महाग होत्या. सामान्य नेमबाजाच्या हातात ती आली जॉन ब्राउनिंग याच्या शेवटच्या रचनेमुळे. तो १९२६ साली बेल्जममध्ये, आपल्या कामाच्या जागीच, निधन पावला. ‘सुपरपोझ्ड’ ही बंदूक १९३१ साली बाजारात आली आणि तिचा एकचापी प्रकार त्याचा मुलगा व्हॅल याने पुरा केला. खालची नळी दस्त्याच्या रेषेत असल्यामुळे पहिल्या बारानंतर बंदुकीचे तोंड कमी उसळते आणि दुसऱ्या तबकडीवर लवकर येता येते. दृष्टीसमोर एकच अरुंद पट्टी राहते. उलटपक्षी, खालच्या नळीत काडतूस घालण्यासाठी ती अधिक उघडावी लागते, आणि आडव्या दुनळीचा हलकेपणा तिच्यात सहसा येत नाही. आज ट्रॅप, स्कीट व स्पोर्टिंग या तिन्हींत बहुतांशी तीच दिसते.

तेव्हा दोन्ही कामांना एकच बंदूक घेणाऱ्याने कोणती घ्यावी? ऐतिहासिक दृष्टीने पाहता उत्तर असे : साडेसात पौंडांच्या आसपासची, २८ ते ३० इंच नळ्यांची, तोंडाचे चोक बदलता येणारी, आणि दस्ता ट्रॅपचा नव्हे तर शिकारीच्या धाटणीचा असलेली उभी दुनळी. बदलते चोक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास झाले व त्यांनी नळीचा भेद बराचसा मिटविला; दस्त्याचा व वजनाचा भेद त्यांनी मिटविलेला नाही. ज्याला ट्रॅपमध्ये पदक हवे आहे त्याने ही तडजोड करू नये, आणि ज्याला डोंगरावर दिवसभर चालावयाचे आहे त्यानेही.

अलीकडे या निवडीत आणखी एक कसोटी शिरली आहे, ती काडतुसातील द्रव्याची. पाणथळीत पडलेले शिशाचे छर्रे गिळून बदके विषबाधेने मरतात. म्हणून अमेरिकेत १९९१ पासून सर्व पाणपक्ष्यांच्या शिकारीत, डेन्मार्कमध्ये १९९६ पासून सर्वत्र, इंग्लंडात १९९९ पासून पाणपक्षी व ठरावीक पाणथळी यांपुरती, आणि युरोपीय संघात २०२३ पासून पाणथळींत शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहे. ऑलिंपिकच्या मैदानावर मात्र २४ ग्रॅमांचे शिशाचे काडतूस चालत राहिले. पोलादाची घनता सुमारे ७.८, शिशाची ११.३, म्हणून पोलादाचा छर्रा मोठा घ्यावा लागतो, तो लवकर मंदावतो, आणि कठीण असल्यामुळे आवळलेल्या तोंडातून जाताना नळीला दुखापत करू शकतो. पातळ नळ्यांच्या व अडीच इंची घराच्या जुन्या गेम गनला जोरकस पोलादी काडतूस वर्ज्य आहे. तिच्यासाठी बिस्मथसारखे मऊ व महाग द्रव्य वापरावे लागते. उलट, तबकडीसाठी बनलेल्या जाड नळ्यांच्या अनेक आधुनिक बंदुकांवर जोरकस पोलादासाठी घेतलेल्या कसोटीचा लिलीच्या फुलासारखा छाप असतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचा प्रश्न बव्हंशी मिटला, आणि बिकानेरच्या कर्णी सिंह यांनी १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत ज्या ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळविले, तशा खेळांपुरतीच ही बंदूक उरली. युरोपात मात्र आजोबांची आडवी दुनळी हाती घेणाऱ्याला आता प्रथम तिच्या नळ्यांखालचे छाप वाचावे लागतात.